ब्राउझरची छुपी सेटिंग्ज आणि वेगाचा हिशोब

व्यापाराचा मोठा भाग आता ब्राउझरच्या खिडकीतून चालतो. ५० हजार रुपयांवरील माल परराज्यात रवाना करावयाचा तर ई-वे बिल तेथेच काढावे लागते. जीएसटीचे मासिक विवरण तेथेच भरले जाते, बँकेचा भरणा तेथेच होतो, सुरत, भिवंडी वा इचलकरंजीहून आलेले कापडाचे नमुने तेथेच पाहिले जातात. ट्रक भरून उभा आहे, ड्रायव्हर घाई करीत आहे आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र गोल चक्र फिरत आहे, हे दृश्य आता कोणत्याही बाजारपेठेत नवे राहिलेले नाही.

अशा वेळी कोणी परिचित मोबाइलवर एक यादी पाठवितो. "ब्राउझरमधील ही दहा छुपी सेटिंग्ज बदला, वेग दुप्पट होईल," असे तीत लिहिलेले असते. संगणक दुरुस्त करणारा मुलगाही असेच काही आकडे बदलून देतो आणि आपली मजुरी घेऊन जातो. या याद्यांत तथ्य किती आणि फोलपणा किती, हा प्रश्न व्यापारी मंडळींत वारंवार निघतो. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु ताका उलगडून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये, हा आमच्या बाजाराचा दस्तूर आहे. त्याच दस्तुराने हा विषय आम्ही येथे उलगडून ठेवीत आहोत.

छुपी सेटिंग्ज म्हणजे काय?

प्रत्येक ब्राउझरमध्ये सेटिंग्जचे दोन थर असतात. पहिला थर दुकानाच्या दर्शनी भागासारखा असतो. मेनू उघडला की भाषा, अक्षरांचा आकार, पासवर्ड इत्यादी गोष्टी समोर दिसतात. दुसरा थर मागच्या गोदामासारखा असतो. तेथे गिऱ्हाइकाला सहसा नेत नाहीत, कारण तेथील मांडणी कामगारांच्या सोयीची असते.

मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'अबाउट', मग कोलनचे दोन ठिपके आणि लगेच 'कॉन्फिग' असे लिहिले की मागचे गोदाम उघडते. तेथे हजारो नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला एक नाव आणि एक किंमत असते. ती किंमत कधी 'होय' किंवा 'नाही' अशी असते, कधी एखादा आकडा असतो, तर कधी मजकूर. पूर्वी हे पान उघडताना "तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते" अशा अर्थाचा गमतीदार इशारा येत असे आणि "मी काळजी घेईन, वचन देतो" अशा अर्थाचे बटण दाबावे लागे. आता गंमत गेली आहे, इशारा मात्र कायम आहे.

गूगलचा क्रोम ब्राउझर सप्टेंबर २००८ मध्ये आला. त्यात 'क्रोम', कोलन, दोन तिरप्या रेघा आणि 'फ्लॅग्ज' असे लिहिले की प्रयोगांचे पान उघडते. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर २०२० पासून क्रोमच्याच पायावर उभा आहे, त्यामुळे त्यातही असेच पान आहे.

दोहोंतील फरक ध्यानात ठेवावा. फायरफॉक्समधील नोंदी या बहुतांशी ब्राउझरच्या रोजच्या कामाच्या चाव्या आहेत. क्रोममधील फ्लॅग हे कंपनीचे चालू प्रयोग आहेत. विणकर नवी वीण बाजारात आणण्यापूर्वी एखाद्या मागावर चालवून पाहतो, तसा हा प्रकार आहे. आज दिसणारा फ्लॅग पुढील आवृत्तीत नाहीसा होऊ शकतो. माहिती गमावण्याचा किंवा सुरक्षितता कमी होण्याचा धोका आहे, असे त्या पानावरच लिहिलेले असते.

जुना नुस्खा कोठून आला?

आजही फिरणाऱ्या याद्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध नुस्खा 'पाइपलायनिंग'चा आहे. फायरफॉक्सच्या गोदामात 'नेटवर्क डॉट एचटीटीपी डॉट पाइपलायनिंग' ही नोंद शोधा, ती 'होय' करा आणि तिच्या खालील 'मॅक्स रिक्वेस्ट्स' या नोंदीत ३० हा आकडा भरा, असा तो नुस्खा आहे. तो फायरफॉक्सच्या पहिल्या वर्षांपासून हातोहात फिरत आला आहे. त्यामागे खरा हिशोब होता, म्हणूनच तो इतका टिकला. तो हिशोब समजून घेणे उपयोगाचे आहे.

एक वेब पान म्हणजे एकच वस्तू नव्हे. मजकूर वेगळा, प्रत्येक चित्र वेगळे, मांडणीची फाइल वेगळी. ब्राउझर यांतील प्रत्येक वस्तू सर्व्हरकडे मागतो आणि मग पान जुळवितो. समजा, पेढीवरून गोदामात मुलगा पाठवून ४२ ताके आणावयाचे आहेत. तो एक ताका आणतो, ठेवतो, परत जातो आणि दुसरा आणतो. वेळ ताके उचलण्यात जात नाही, जाण्यायेण्यात जातो.

आता किती मुले ठेवावीत, याचाही नियम होता. जून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत असे सुचविले होते की, एका ब्राउझरने एका सर्व्हरशी एका वेळी दोनपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत. सर्व्हरवर गर्दी होऊ नये, हा त्यामागील हेतू. म्हणजे ४२ ताक्यांसाठी दोनच मुले, प्रत्येकाच्या २१ फेऱ्या.

एका फेरीस किती वेळ लागतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर परदेशी असेल आणि समुद्राखालील केबलचा मार्ग १० हजार किलोमीटर धरला, तर जाऊन येऊन २० हजार किलोमीटर होतात. यास सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे १०० मिलिसेकंद लागतात. २१ फेऱ्यांचे २.१ सेकंद झाले. हा केवळ प्रवासाचा वेळ होय. त्यात सर्व्हरचे काम आणि टेलिफोन लाइनवरील जुन्या मोडेमची संथ चाल धरलेली नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, आणि पुढील कित्येक वर्षे बहुतेकांची जोडणी टेलिफोन लाइनवरचीच होती. त्या लाइनवर अशा फेऱ्या किती महाग पडत असतील, याची कल्पना करावी.

पाइपलायनिंगने यावर तोड काढली. मुलगा परत येण्याची वाट न पाहता त्याच्या हाती एकदम अनेक चिठ्ठ्या द्यावयाच्या. गोदामवाला चिठ्ठ्यांच्या क्रमाने एकामागून एक ताके पाठवीत राहील आणि मधल्या फेऱ्या वाचतील. कल्पना उत्तम होती.

मग ती बंद का ठेवली होती?

येथे यादी लिहिणारे गप्प बसतात. एवढा फायदा असताना निर्मात्यांनी ही किल्ली सुरुवातीपासून 'होय' का केली नाही?

पहिले कारण क्रमाचे. पाइपलायनिंगमध्ये उत्तरे मागणीच्याच क्रमाने यावी लागतात. पहिलाच ताका ढिगाखाली अडकला असेल, तर मागचे सर्व ताके तयार असूनही दारातच थांबतात. एक जड चित्र पुढे आले की संपूर्ण रांग खोळंबते.

दुसरे कारण मधल्या माणसांचे. त्या काळातील अनेक सर्व्हर आणि मधल्या प्रॉक्सी यंत्रांना या चिठ्ठ्या नीट वाचता येत नसत. कोठे पान अर्धवट लटके, कोठे एकाचे उत्तर दुसऱ्याला मिळे. ऑपेरा या ब्राउझरने पाइपलायनिंग चालू ठेवले होते. पण समोरचा सर्व्हर ते झेपवितो की नाही, याचा अंदाज घेण्याची व्यवस्थाही त्याला करावी लागली होती.

आणि त्या ३० आकड्याचे काय? फायरफॉक्सच्या त्या काळच्या आवृत्त्यांमध्ये ८ ही कमाल मर्यादा आतच घातलेली होती. आपण ३० भरा किंवा १०० भरा, ब्राउझर ८ च धरीत असे. हा आकडा एका यादीतून दुसऱ्या यादीत वर्षानुवर्षे नकल होत गेला. नकल करणाऱ्यांनी तो तपासून पाहिला नाही.

याच यादीतील दुसरा नुस्खा 'इनिशियल पेंट डिले' शून्य करण्याचा. पानाची माहिती येऊ लागल्यावर ब्राउझर चित्र रंगविण्याआधी थोडा थांबत असे, तेव्हा हा थांबा २५० मिलिसेकंदांचा होता. तो शून्य केला की पडद्यावर काही तरी लवकर दिसे आणि पान वेगाने आल्यासारखे वाटे. परंतु अर्धवट माहितीवर रंगविलेले पान पुन्हा पुन्हा मांडावे लागे आणि संपूर्ण पान तयार होण्यास उलट अधिक वेळ जाई. गिऱ्हाइकाला दारात लगेच बसविले, पण माल दाखविण्यास उशीर केला, असा हा व्यवहार होता.

त्यानंतर काय बदलले?

या नुस्ख्यांमागील अडचण खरी होती, आणि ती ब्राउझर बनविणाऱ्यांनाही ठाऊक होती. त्यांनी ती टप्प्याटप्प्याने मुळातून सोडविली.

जून २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ ने एका सर्व्हरशी दोनऐवजी सहा जोडण्या ठेवण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ही सहावर आला. त्याआधी एक्स्प्लोररचा हा आकडा वाढविण्यासाठी लोक विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालीत असत. आमच्या वरील उदाहरणात सहा मुले ठेवली की २१ ऐवजी ७ फेऱ्या होतात आणि २.१ सेकंदांचे ०.७ सेकंद उरतात. कोणतीही किल्ली न फिरविता हा फायदा सर्वांना मिळाला.

मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ ची नियमावली प्रसिद्ध झाली. गूगलने २००९ पासून चालविलेल्या स्पीडी नावाच्या प्रयोगातून ती उभी राहिली. तीत एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकदम जातात आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. त्यामुळे उत्तरे कोणत्याही क्रमाने आली तरी चालते. गासड्यांवर लॉट नंबर टाकलेला असला की ट्रकमधून त्या उलटसुलट उतरल्या तरी गोदामात आपापल्या जागी लागतात, तसेच हे. जून २०२२ मध्ये एचटीटीपी ३ ची नियमावली आली. तीत एखादा तुकडा वाटेत हरवला तरी फक्त त्याच मालाची वाट पाहावी लागते, बाकीची वाहतूक थांबत नाही.

या सुधारणांनंतर जुन्या पाइपलायनिंगची गरजच संपली, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५४ व्या आवृत्तीत ती यंत्रणा काढून टाकण्यात आली. आज कोणी फायरफॉक्समध्ये ते जुने नाव शोधले तर नोंद सापडत नाही. मात्र ब्राउझर त्या नावाची नवी नोंद तयार करण्याची सोय देतो. यादीवर विश्वास ठेवणारा मनुष्य नोंद तयार करतो, तीत 'होय' भरतो आणि समाधानाने उठतो. त्या नोंदीकडे ब्राउझरचा कोणताही भाग पाहत नाही. बंद पडलेल्या पेढीच्या नावे हुंडी लिहावी, तसा हा प्रकार आहे.

नुकसान करणारे बदल

निरुपयोगी बदलाने निदान काही बिघडत नाही. परंतु याद्यांमध्ये काही बदल असे असतात की, ते खिशाला चाट लावू शकतात. त्यांची ओळख ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला, क्रोममधील 'साइट आयसोलेशन' बंद करणे. जानेवारी २०१८ मध्ये संगणकाच्या प्रोसेसरमधील 'स्पेक्टर' नावाचा दोष जगजाहीर झाला. त्या दोषाचा फायदा घेऊन एका टॅबमधील वेबसाइट दुसऱ्या वेबसाइटची माहिती वाचू शकण्याची शक्यता होती. म्हणून २०१८ मध्येच क्रोमने संगणकावर प्रत्येक वेबसाइट स्वतंत्र कप्प्यात चालविण्यास प्रारंभ केला. यामुळे १० ते १३ टक्के अधिक मेमरी लागते, असे गूगलने तेव्हा सांगितले होते. २०२१ च्या अखेरीस फायरफॉक्सनेही असेच वेगळे कप्पे केले. हे कप्पे मोडले की थोडी मेमरी वाचते, हे खरे आहे. पण एका टॅबमध्ये बँकेचे खाते आणि शेजारी कोणती तरी अनोळखी वेबसाइट उघडी असेल, तर मधली भिंतच आपण पाडलेली असते. थोड्या मेमरीसाठी हा सौदा कोणत्याही पेढीने करू नये.

दुसरा, 'सेफ ब्राउझिंग' बंद करणे. बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलच्या नावाने बनविलेल्या खोट्या पानांविरुद्ध ब्राउझर लाल पडदा दाखवितो, तो यामुळे. संशयास्पद पत्त्यांची यादी ब्राउझर आपल्याच संगणकावर ठेवतो आणि पहिली पडताळणी तेथेच करतो. त्यामुळे ही सोय बंद करून वेगात जाणवण्यासारखी बचत होत नाही. दारावरचा पहारेकरी मात्र जातो.

तिसरा, 'डिस्क कॅश' बंद करणे. एकदा आणलेली चित्रे आणि फाइली ब्राउझर संगणकावर जपून ठेवतो, म्हणजे पुढल्या वेळी त्या पुन्हा आणाव्या लागत नाहीत. रोज तेच पोर्टल उघडणाऱ्या व्यापाऱ्याला याचाच सर्वांत अधिक फायदा असतो. वेग वाढविण्यासाठी ते बंद करणे म्हणजे घरात माल असताना रोज बाजारातून आणणे होय.

चौथा, 'आयपीव्ही ६' बंद करणे. एके काळी सदोष राउटरांमुळे या नव्या पत्तापद्धतीने पाने उघडण्यास विलंब होत असे आणि ती बंद केल्याने फरक पडे. आता भारतातील मोबाइल जाळ्यांवर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. तेथे ती बंद केली तर माल उलट वळसा घालून येण्याचा संभव असतो.

आजही उपयोगी पडणारे थोडे काही

सर्वच छुप्या किल्ल्या फोल आहेत, असे आम्ही म्हणत नाही. दोन गोष्टी जुन्या संगणकांवर उपयोगी पडू शकतात.

फायरफॉक्समध्ये 'ब्राउझर डॉट सेशनस्टोर डॉट इंटरव्हल' अशी नोंद आहे. तिची किंमत १५०००, म्हणजे १५ सेकंद असते. काम चालू असताना उघड्या टॅबची नोंद ब्राउझर या अंतराने डिस्कवर करतो, जेणेकरून वीज गेली तर पुन्हा तीच पाने उघडता यावीत. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे आणि वीस-पंचवीस टॅब उघडे आहेत, अशा वेळी या लिखाणाने मधेच अडखळल्यासारखे होते. ही किंमत ६०००० केली की नोंद मिनिटाने होते आणि डिस्कला उसंत मिळते. याची किंमतही जाणून घ्यावी. वीज गेली तर शेवटच्या मिनिटात उघडलेल्या पानांची नोंद हाती राहणार नाही. ज्या गावी भारनियमन आहे आणि संगणकाला बॅटरीचा आधार नाही, तेथे १५ सेकंदच बरे.

क्रोममध्ये 'पॅरलल डाउनलोडिंग' नावाचा फ्लॅग आहे. त्याने मोठी फाइल अनेक जोडण्यांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरविली जाते. समोरचा सर्व्हर प्रत्येक जोडणीला ठराविकच वेग देत असेल, तर याचा फायदा होतो. डिझाइनच्या मोठ्या फाइली मागविणाऱ्यांस तो करून पाहता येईल. पाने उघडण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

अधिक गुणकारी गोष्टी मात्र दर्शनी दुकानातच ठेवलेल्या आहेत. क्रोममध्ये डिसेंबर २०२२ पासून 'मेमरी सेव्हर' आले आहे. ते न वापरलेल्या टॅबना झोपवून मेमरी मोकळी करते. फायरफॉक्स विंडोजवर ऑक्टोबर २०२१ पासून मेमरी संपत आली की असेच काम आपोआप करतो. फायरफॉक्सच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये मागोवा घेणाऱ्यांना रोखण्याची 'कडक' पातळी आहे. तिने जाहिरातींच्या मागे धावणाऱ्या अनेक फाइली उतरतच नाहीत आणि बातम्यांची किंवा खरेदीची पाने हलकी होतात. एखादे पोर्टल त्यामुळे नीट चालले नाही, तर केवळ त्या वेबसाइटपुरती सूट देता येते.

संथपणाचे खरे मूळ शोधावे कसे?

पान हळू उघडते म्हणजे चार ठिकाणांपैकी कोठे तरी अडथळा असतो: आपला संगणक, आपली जोडणी, मधली वाट किंवा समोरचा सर्व्हर. ब्राउझरच्या छुप्या किल्ल्यांचा हात फार तर पहिल्या ठिकाणापर्यंत पोहोचतो. म्हणून आधी रोग ओळखावा, मग औषध.

प्रथम तेच पान त्याच वेळी मोबाइलवर, दुसऱ्या जोडणीने उघडून पाहावे. तेथेही हळू असेल तर दोष समोरच्या सर्व्हरचा असण्याचा संभव मोठा. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी ची मुदत पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते. त्या दिवशी सारा देश एकाच दारात उभा असतो आणि आपल्या संगणकातील कोणतीही किल्ली ती रांग कमी करू शकत नाही. मुदत चुकली तर कर देय असणाऱ्यास दररोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. या दुखण्यावर १५ तारखेच्या आत विवरण भरणे हाच एक उपाय आहे, आणि तो मोफत आहे.

मधल्या वाटेचेही असेच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ भूमध्य समुद्रातील दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. अशा प्रसंगी ब्राउझरशी खटपट करण्यात अर्थ नसतो.

मोबाइलवर पान झटपट उघडले, तर दोष आपल्याकडे आहे. मग संगणक राउटरला केबलने जोडून पाहावा. पेढीच्या जाड भिंती आणि कापडाचे ढीग वायफायचे बळ कमी करतात. केबलने फरक पडला तर राउटरची जागा बदलावी. त्यानेही फरक पडला नाही तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या दोन कळा एकदम दाबाव्यात. कोणता टॅब आणि कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी खाते, याची यादी समोर येते. फायरफॉक्समध्ये हीच माहिती 'अबाउट', कोलन, 'प्रोसेसेस' असे लिहिल्यावर मिळते. मोफत म्हणून केव्हा तरी बसविलेली कूपनची, हवामानाची, फाइल बदलून देणारी एक्स्टेन्शने येथे उघडी पडतात. कामाची ठेवावीत, बाकीची काढून टाकावीत.

शेवटी संगणकाचे वय पाहावे. अनेक पेढ्यांवर अजून विंडोज ७ चालते. मायक्रोसॉफ्टने त्याची सामान्य देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. जानेवारी २०२३ मधील क्रोमची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची होय. असा संगणक नव्या सुधारणांना आणि सुरक्षिततेला मुकलेला असतो. त्यावर नुस्खे करण्यापेक्षा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आणि थोडी अधिक रॅम टाकून, चालू देखभालीची प्रणाली बसविणे हा खर्च सार्थकी लागतो. संगणक तेही पेलत नसेल तर तो बदलणेच इष्ट.

बदल करावयाचाच असेल तर

ज्यांना छुपी सेटिंग्ज हाताळून पाहावयाची आहेत, त्यांनी पेढीच्या हिशोबाची शिस्त येथेही पाळावी.

एका वेळी एकच बदल करावा. दहा बदल एकदम केले तर फायदा कोणाचा आणि नुकसान कोणाचे, हे कळत नाही.

बदलापूर्वीची किंमत वहीत तारखेसह लिहून ठेवावी.

बदलापूर्वी आणि नंतर तेच पान तीन-तीन वेळा उघडून घड्याळाने वेळ मोजावी. "वेग वाढल्यासारखा वाटतो" ही नोंद हिशोबात धरू नये.

मुदतीच्या दिवशी, किंवा बँकेचे काम चालू असताना, कोणताही प्रयोग करू नये.

फरक पडला नाही तर बदल मागे घ्यावा. फायरफॉक्समध्ये बदललेली नोंद ठळक अक्षरांत दिसते आणि तिच्या शेजारील बाणाने मूळ किंमत परत येते. क्रोमच्या पानावर 'रीसेट ऑल' हे बटण सर्व फ्लॅग एकदम पूर्ववत करते. पूर्वी कोणी आपल्या संगणकात बदल करून गेले असतील, तर हे दोन्ही आज उघडून पाहावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फोनवरून कोणी अनोळखी व्यक्ती "अमुक पान उघडा, अमुक शब्द लिहा" असे सांगत असेल तर त्याचे ऐकू नये. गोदामाच्या चाव्या आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. ज्या ब्राउझरमधून बँकेचा व्यवहार होतो, त्याच्या चाव्याही तशाच जपाव्यात.

सारांश, वेग वाढविण्याची जी हिकमत २००४-०५ मध्ये हाताने करावी लागे, ती आता ब्राउझरच्या आतच आली आहे, आणि ती मिळविण्यासाठी ब्राउझर अद्ययावत ठेवणे एवढेच पुरेसे आहे. हाती आलेल्या यादीवर वर्ष लिहिलेले आहे काय, ते आधी पाहावे. यादीत पाइपलायनिंगचे नाव दिसले तर ती २०१७ पूर्वीच्या मालाची आहे असे समजावे आणि बाजूला ठेवावी.